एबच्या घरची पंगत

रविवार, रात्री उशिरा

आज 'एब' पाहिला. फर्नांदो ग्रोस्टाईन आंद्रादे या ब्राझिलियन दिग्दर्शकाचा सिनेमा, २०१९ च्या सनडान्स महोत्सवात पहिल्यांदा दाखवलेला. ब्रुकलिनमधला १२ वर्षांचा एब. आई इस्रायली ज्यू घरातली, बाबा पॅलेस्टिनी मुस्लिम घरातले पण स्वतः नास्तिक. एकीकडचे त्याला अव्राहम म्हणतात, दुसरीकडचे इब्राहिम. जेवायला सगळे एकत्र बसले की विषय कुठूनही निघो, गाडी इस्रायल-पॅलेस्टाईनवर येतेच आणि आवाज चढतात. बार मिट्झ्वा, म्हणजे ज्यू मुलांचा वयात येतानाचा धार्मिक विधी, करावा की रमजानचे रोजे धरावेत? एबला दोन्हींची ओढ, बाबांना दोन्ही नको. त्या पोराची घुसमट नोआ श्नॅपनं फार सच्चेपणानं दाखवलीय.

त्याचा सगळा जीव स्वयंपाकात. घरच्यांना चोरून तो चिको नावाच्या, ब्राझीलमधल्या बाहियाच्या शेफकडे जायला लागतो. ही भूमिका गायक सेऊ जॉर्जीची. चिको त्याला लगेच गॅसपाशी उभं करत नाही. आधी भांडी घास, कचरा बाहेर नेऊन टाक. दोन देशांचे पदार्थ एकत्र केले की झालं फ्यूजन, हे त्याला मान्यच नाही. आधी एकेक चव जिभेला कळायला हवी. मला हा भाग सगळ्यात आवडला. या स्वयंपाकघरात एबला कुणी 'तू कोणाकडचा?' असं विचारत नाही, काम नीट झालं का एवढंच बघतात. पोरगं तिथे किती मोकळं होतं!

मग थँक्सगिव्हिंग, अमेरिकेतला घरच्यांनी एकत्र जेवायचा सण. दोन्ही घरांच्या चवी एका टेबलावर आणायच्या म्हणून तो एवढा बेत रांधतो, आणि वाढलेलं समोर असताना मोठी माणसं पुन्हा भांडायला लागतात. माझा जीव तुटला. तरी आजी-आजोबांचा राग येईना. पिढ्यांचं दुःख आहे ते, एका जेवणानं कसं फिटेल?

पटकथा लमीस इसाक आणि जेकब केडर यांची. पॅलेस्टिनी घर आणि स्वयंपाक यांवरचं 'फूड अँड फदवा' हे नाटकही याच दोघांचं. म्हणूनच बहुधा जेवणाच्या टेबलावरची भांडणं इतकी खरी वाटतात. शेवट मात्र घाईत उरकलाय. घरातल्यांनी एकमेकांचं नीट ऐकून घेतलंय असं एक तरी दृश्य मला हवं होतं.