गाववाले मोजणारी

रविवार, रात्री साडेअकरा.

ताई फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तू पिक्चर बघत नाहीस गं, गाववाले मोजतेस." आणि हसली. असलं काहीतरी बोलून ती हसतेच. पण भांडी घासताना, मग आईच्या गोळ्या काढून ठेवताना तेच घुमत राहिलं. तिच्याशी दादाबद्दल बोलायचं होतं, ते तसंच राहिलं.

झालं होतं इतकंच की मी छाया कदमबद्दल बोलत होते. नेहमीसारखं जरा जास्तच. 'लापता लेडीज'मधली तिची मंजूमाई फूल नावाच्या पोरीला तिच्या कामाचे पैसे देते, तो प्रसंग. दुसरी कुणी असती तर तिथं डोळ्यांत पाणी आणलं असतं, पोरीला जवळ घेतलं असतं. ही नाही. नवऱ्याला आणि पोराला घराबाहेर काढून एकटी राहणारी बाई जशी व्यवहार करेल, तसाच करते, आणि माया कुठल्या कुठे दिसून जाते. या कामाला फिल्मफेअर मिळालं तेव्हा मी ऑफिसात कुंदा नेला होता. हे ताईला कुणी सांगितलं कोण जाणे. कान महोत्सवाला ती आईची साडी आणि नथ घालून गेली होती, तो फोटो अजून माझ्या मोबाइलात आहे. हे मात्र ताईला ठाऊक नाही, बरं आहे.

पुण्यात राहून असं म्हणायला काय जातं? तिला मोजायची गरजच नाही, चारी बाजूंनी आपलेच. इथं बेळगावात बसवर कन्नड, दुकानावर कन्नड, मराठी असलीच तर खाली मुंगीएवढी. अशा गावात पडद्यावर कुणी नुसतं 'अगं' म्हटलं तरी मान वर होते. ५६ साली आमचा निकाल लागला तो लागला, आता कुणासाठी रडायचं याचाही हिशोब पुण्याला द्यायचा काय?

खरं सांगायचं तर टोचतंय ते वेगळंच. 'छावा'तली रश्मिका मला येसूबाई वाटली नाही. चेहरा शोभला, पण बोलायला लागली की महाराणी कुठेतरी मागे राहायची. हे मी आल्या आल्या सगळ्यांना सांगत सुटले होते. ती पडली कर्नाटकातल्या कोडगूची. ज्या हिशोबानं छायाला डोक्यावर घेतलं त्याच हिशोबानं हिला खाली उतरवलं की काय? पण त्याआधी 'ॲनिमल'चा ट्रेलर आला, तिच्या दातांत बोललेल्या त्या वाक्याला सगळे फिदीफिदी हसले, तेव्हा आख्खा प्रसंग बघा आणि मग बोला म्हणून भांडले ती मीच की. त्या प्रसंगात रणबीरसमोर ती कुठेही कमी पडत नाही. म्हणजे रणबीरची बायको झालेली चालली, आमची राणी झालेली नाही? याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यापेक्षा तिचं हिंदी कच्चं म्हणून मोकळं होणं सोपं.

बरं, गाववालेच मोजायचे तर अक्षय खन्नाचं काय करू? थिएटरात घोषणा चालल्या होत्या, पोरं खुर्च्यांवर उभी होती, विकी कौशलच्या गर्जनेनं माझ्याही अंगावर काटा आला. नाही कशाला म्हणू. पण डोळे जाऊन चिकटत होते औरंगजेबाला. पिकलेली दाढी, सुरकुत्या, आवाज चढवणं नाही की हातवारे नाहीत. दुसरा बोलत असताना तो नुसता ऐकतो आणि आपल्याच पोटात गोळा येतो. सिनेमा तोच खाऊन गेला. आमच्या गल्लीत हे मोठ्यानं बोलायची सोय नाही. दादाला सांगितलं तर त्यानं ताटावरून नुसतं वर बघितलं.

आणि विनीत कुमार सिंग! २०२५च्या फेब्रुवारीत १४ तारखेला 'छावा'तला कवी कलश आणि २८ तारखेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'मधला फरोग. साखळदंडात अडकलेले दोघे एकमेकांना कविता ऐकवतात ते सगळ्यांनी बघितलं. फरोगला कोण बघायला गेलं? आमच्याकडे तो कधी आला नि कधी गेला कळलंच नाही, मी नंतर मोबाइलवर बघितला. मित्रांच्या सिनेमासाठी लिहिणारा हा माणूस, आणि नाव भलत्याचंच होतं. विनीत तिथं आरडाओरडा करतो, पण त्याआधी गप्प बसून जे गिळतो ना, ते बघताना माझा चहा गार झाला. आमच्या ऑफिसात कुणाचं काम कुणाच्या नावावर जातं... जाऊ दे.

तर आत्ता अकराच्या सुमारास ताईला लिहिलं : विनीत कुमार सिंग. बनारसचा. मोज आता.

लगेच उत्तर. म्हणजे तीही जागीच होती. "मालेगाव नाशिक जिल्ह्यातच ना गं? आणि कवी कलश कुणाचा दोस्त होता म्हणे?"

पाठोपाठ हसण्याचे सात-आठ चेहरे.

आधी राग आला, मग एकटीच हसत बसले, इतकी की आईनं आतून विचारलं काय झालं म्हणून. ताईशी बोलण्यात राम नाही. मोजत असेन तर असेन, बाई. तिकीट माझ्या पैशानं काढते.

तरी राहवेना म्हणून विनीतची माहिती काढायला गेले, निदान हा तरी पुरता बाहेरचा निघावा. तर हा आयुर्वेदाचा डॉक्टर, आणि शिकला कुठं? मुंबईत.

हे काही मी ताईला कळवणार नाही.