अधिक माहिती हवी

ओळखपत्र दाखवल्याशिवाय लिहायचं नाही, हा नियम आमच्या साइटवर लागू झाला तेव्हा ऑफिसात सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. तोवर तीन वर्षं मी तक्रारींच्या रांगेवर होते. बिननावाची माणसं काय काय लिहितात ते रोज आठ तास वाचायचं. म्हटलं, आता एकेकाचं नाव कळू दे, मग बघू कुणाची जीभ किती चालते.

जीभ चालतच राहिली. खऱ्या नावाने, स्वतःच्या लेकराचा फोटो लावून शिव्या देणारे कमी नव्हते. शिवाय भामट्यांची कार्डं सगळ्यांत देखणी! साध्या माणसाने काढलेला फोटो हललेला असतो, कोपऱ्यावर अंगठा, मध्येच दिव्याची तिरीप. भामट्याच्या कार्डाच्या चारही कडा स्वच्छ दिसतात. एकदा तर पाच वेगवेगळ्या नावांच्या कार्डांखाली मला एकच टेबलक्लॉथ दिसला होता.

पण सांगायचंय ते एका सोमवारबद्दल. घरातला छळ सोसून बाहेर पडलेल्यांचा एक गट आमच्याकडे होता. तिथे एक बाई टोपणनावाने लिहायच्या. रडगाणं नाही, कामाचं तेवढंच: निघायच्या आधी कुठल्या कागदांच्या प्रती काढून ठेवायच्या, फोनवरचं लोकेशन कोण बघतंय ते कसं तपासायचं. आदल्या रात्री त्यांच्या खात्यावर ‘नाव खोटं आहे’ अशा नऊ तक्रारी आल्या होत्या. नवांतल्या सात अक्षरशः सारख्या, चुकीच्या वेलांटीसकट.

हा डाव जुनाच. २०१४ साली फेसबुकवर ड्रॅग कलाकारांची, म्हणजे स्त्रीवेशात मंचावर येणाऱ्यांची, टोपणनावाची खाती अशीच बंद पडली होती. एकाच माणसाने शेकडो खात्यांविरुद्ध तक्रारी केल्याचं नंतर कळलं, आणि कंपनीला माफी मागावी लागली. आमच्या नियमात मात्र तक्रार कुणी केली याला किंमत नव्हती. तीन दिवसांत कार्ड आलं नाही तर खातं बंद. आलं, आणि मी ‘मंजूर’ दाबलं, की टोपणनाव जाऊन कार्डावरचं नाव लागणार, तेही जुन्या सगळ्या लेखनावर.

त्यांनी कार्ड पाठवलं होतं. सोबत दोन ओळी: ‘बघून झालं की कृपया लगेच पुसून टाका. एका माणसाला मी कुठे आहे हे कळू नये, म्हणूनच हे नाव घेतलंय.’

कार्डावर पत्ता होता. मी तक्रारदारांची यादी उघडली. नवांतल्या एकाला ओळख पटल्याची टिक होती, आणि त्याचं आडनाव कार्डावरचंच. आडनाव एकच असणं हा काही पुरावा नव्हे. पण माझा हात माउसवरून निघाला.

म्हटलं, आधी त्यांनी सांगितलंय ते तरी करू. तर पुसायचं बटनच सापडेना. टीम लीडला विचारलं. तो म्हणाला, “ताई, ते बटन आपल्याला नाहीये. ॲडमिनलाही नाही बहुतेक.”

मग अर्धा दिवस मी तेच खणत बसले. नेहमीच्या पडताळणीत आलेले फोटो तीस दिवसांनी आपोआप पुसले जात, तसं आम्ही जाहीरच केलं होतं. पण ज्यांचं कार्ड यंत्राने नाकारलं किंवा ज्यांच्यावर तक्रार झाली, ते अपील करत. अपिलाचं होई तिकीट, म्हणजे मदतकक्षातली नोंद, कार्ड त्याला अटॅचमेंट म्हणून जोडलेलं, आणि तिकिटं कधीच पुसली जात नसत. ते तिकीट उघडू शकणाऱ्यांची यादी पाहिली: चौदा लॉगिन, त्यांतले पाच रात्रपाळीच्या बाहेरच्या एजन्सीचे. त्यांतल्या एकालाही मी ओळखत नव्हते.

दुपारच्या मीटिंगमध्ये मी दक्षिण कोरियाचं उदाहरण काढलं. तिथे २००७ पासून मोठ्या साइटवर लिहायला खरी ओळख पटवावी लागे. २०११ मध्ये एका सायबर हल्ल्यात साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. बेकायदा मजकूर त्याने कमी झाल्याचं दिसलं नाही, हेही एक कारण. सगळ्यांनी ऐकून घेतलं. विषय ‘पुढच्या तिमाहीत’ गेला.

‘मंजूर’ दाबावं तर नाव उघड, ‘नामंजूर’ दाबावं तर खातं बंद. तिसरा पर्याय होता ‘अधिक माहिती हवी’. तो निवडला की तीन दिवसांचं घड्याळ थांबतं. काहीही माहिती नको असताना मी तो दाबला. त्यांना साइटवरून लिहिलं, ‘तूर्त काही पाठवू नका.’ याहून मोकळं लिहायची मला परवानगी नव्हती.

अठराव्या दिवशी त्यांनी स्वतःच खातं काढून टाकलं. गटातलं त्यांचं लेखनही गेलं, कागदांच्या यादीसकट.

२०२५ च्या ऑक्टोबरात डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने कळवलं की सुमारे ७० हजार लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत. वय ठरवण्याबद्दलच्या अपिलांसाठी आलेले, बाहेरच्या मदत-एजन्सीकडे असलेले फोटो. बातमी वाचली आणि मी आमचं ते जुनं तिकीट शोधलं. वर लिहिलं होतं: ‘वापरकर्ता अस्तित्वात नाही. तिकीट आपोआप बंद.’ खाली: ‘अटॅचमेंट १’. क्लिक केलं. कार्ड उघडलं.