एमिलियाला कापू नका

बुधवार, रात्र

आज पुन्हा शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तला चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश समोर घेतला आहे. रिनेसान्स काळातल्या शोकांतिकांमधल्या बायका एक तर सोशिक सती असतात, नाहीतर कारस्थानी, असं सरसकट बोललं जातं. हा एक प्रवेश शांतपणे वाचला तरी ते बोलणं टिकत नाही. पण प्रयोगाची वेळ कमी करायची म्हटली की कात्री नेमकी इथेच लागते. अठराव्या शतकातल्या इंग्लिश रंगभूमीवर तर तो बहुतेक वेळा गाळलाच जाई.

प्रवेशात घडतं ते एवढंच. सेनापती ऑथेल्लोच्या मनात त्याच्या हाताखालच्या इयागोने बायको डेस्डेमोनाबद्दल खोटा संशय भरवला आहे. एमिलिया ही इयागोची बायको आणि डेस्डेमोनाची सोबतीण. ऑथेल्लोने डेस्डेमोनाला झोपायला जा, एमिलियाला जायला सांग, म्हणून सांगितलं आहे. एमिलिया तिच्या कपड्यांच्या टाचण्या काढते. त्या काळी वरच्या थरातल्या बाईचे कपडे बरेचसे टाचण्यांनी आणि नाड्यांनी अंगावर बसवलेले असत. ते उतरवायला दुसऱ्या बाईचे हात लागत आणि वेळही लागे. शेक्सपिअरने तो वेळ मोकळा ठेवला आणि त्यात दोघींचं बोलणं भरलं. मध्येच ‘हे बाजूला ठेव’, मध्येच ‘आता तू जा, ते येतीलच’. तालमीत हे काम नुसतं अभिनयाने सुचवलं, तर संवाद उघडे पडतात. खरोखर टाचण्या काढायला लावल्या, तर दोघींचं अडखळणं, गप्प होणं आपोआप जागेवर बसतं.

याच वेळी डेस्डेमोना विलो झाडाचं गाणं म्हणते. तिच्या आईकडे बार्बरी नावाची दासी होती. तिचा प्रियकर तिला टाकून गेला आणि ती हे गाणं म्हणतच मेली. मूळ जुनं गाणं पुरुषाच्या तोंडी होतं, शेक्सपिअरने ते बाईच्या तोंडी घातलं. गाताना डेस्डेमोना चुकते. ‘त्याला कुणी दोष देऊ नका, त्याचा तिरस्कार मला मान्य आहे’ अशी ओळ तिच्या तोंडून येते आणि ती स्वतःच थांबून म्हणते, नाही, ही ओळ आत्ता नाही येत. पाचव्या अंकात ऑथेल्लोने डेस्डेमोनाला गुदमरवल्यावर एमिलिया विचारते, कुणी केलं हे? डेस्डेमोनाचं उत्तर: कुणी नाही, मीच. त्या उत्तराची तयारी गाण्यातल्या चुकलेल्या ओळीत आधीच झालेली आहे. गाणं गाळलं की हे उत्तर अचानक आलेला भाबडेपणा वाटतो आणि तिच्या माथी ‘सोशिक’ हा शिक्का बसतो.

छापील प्रतींचा मुद्दा इथेच येतो. ‘ऑथेल्लो’ची पहिली क्वार्टो प्रत (लहान आकाराची सुटी छापील प्रत) 1622 ची, फोलिओ (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह) 1623 चा. फोलिओत क्वार्टोपेक्षा सुमारे 160 ओळी जास्त आहेत. क्वार्टोत बार्बरीचा उल्लेख आहे, पण गाणं नाही. याच प्रवेशातलं एमिलियाचं शेवटचं लांब भाषण नाही. मरताना एमिलिया ‘विलो, विलो’ गुणगुणते, तेही नाही. काही अभ्यासकांच्या मते डेस्डेमोना करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला असावा म्हणून गाणं काढलं. काहींच्या मते हा भाग नंतर वाढवलेला आहे. मला पहिलं कारण अपुरं वाटतं. गाण्याचं ठीक आहे, पण एमिलियाच्या गद्यासारख्या सरळ भाषणाला गाता गळा कशाला हवा? म्हणून संहिता निवडताना आधी हे दोन भाग उघडून बघावेत. नसतील तर फोलिओतून आणावेत.

त्या भाषणात एमिलिया म्हणते की बायका घसरतात त्यात नवऱ्यांचा दोष असतो. ते बाहेर जातात, मारतात, हातात पैसा देत नाहीत. बायकांनाही दिसतं, वास येतो, गोड-आंबट कळतं. आम्ही जे वाईट करतो ते तुमच्याकडूनच शिकतो. बोलायला मिनिटभर पुरतो. पण बोलणारी बाई निष्पाप नाही, हे विसरून ते म्हटलं तर पोकळ होतं. ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेला रुमाल, जो इयागो पुढे तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरतो, तो तिसऱ्या अंकात एमिलियानेच उचलून इयागोला दिलेला आहे. डेस्डेमोना ‘कुठे हरवला असेल गं?’ म्हणते तेव्हा ‘मला नाही माहीत, बाईसाहेब’ असं तिने तोंडावर खोटं सांगितलं आहे. टाचण्या काढणारे हात तेच आहेत. नटीने हे मनात ठेवलं तर भाषणातला राग अर्धा नवऱ्यावर आणि अर्धा स्वतःवर येतो.

शेक्सपिअरने जिच्यावरून नाटक रचलं ती जिराल्दी चिंथिओची मूळ इटालियन गोष्ट 1565 ची. तिच्यात डिस्डेमोना सोडून कुणाला नाव नाही. ध्वजाधिकारी (शेक्सपिअरचा इयागो) स्वतःच रुमाल चोरतो, तोही डिस्डेमोनाने त्याच्या तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेतलेलं असताना. त्याच्या बायकोला सगळं माहीत असतं. ती त्यात सामील होत नाही, पण भीतीने गप्प बसते आणि नवरा मेल्यावर हकीकत सांगते. शेक्सपिअरने हे उलटं केलं. त्याची एमिलिया अर्धवट जाणते, चूक करते, आणि कळल्याक्षणी बोलते. ‘घरी जा’ असं इयागो फर्मावतो. ती सगळ्यांसमोर म्हणते की त्याची आज्ञा पाळणं माझं काम खरं, पण आत्ता नाही, आणि कदाचित मी घरी कधीच जाणार नाही. त्याच्या आधी, तुझ्या नवऱ्यानेच मला सांगितलं असं ऑथेल्लो म्हणतो तेव्हा, ती ‘माझा नवरा?’ असं तीनदा विचारते, इतकं की ऑथेल्लो वैतागतो. तिन्ही वेळा एकाच सुरात विचारलं तर प्रेक्षक हसतात. पहिल्यांदा कानांवर विश्वास नसतो, दुसऱ्यांदा रुमाल आठवायला लागतो, तिसऱ्यांदा उत्तर तिला आधीच कळलेलं असतं.

वेर्दीच्या ‘ओतेल्लो’ ऑपेरात (मिलान, 1887) गाणं आहे, आणि ते फार सुंदर आहे. पण इयागो रुमाल एमिलियाकडून हिसकावतो, तिचं भाषण नाही, आणि व्हेनिसचा पहिला अंकच नसल्यामुळे सिनेटपुढे बापाला ‘माझं कर्तव्य आता विभागलं गेलं आहे’ असं ठामपणे सांगणारी डेस्डेमोनाही नाही. दोघींचा कणा एकदमच गेला.

शेक्सपिअरच्या काळात या बायकांच्या भूमिका मुलगे करत होते. साधारण 12 ते 20-21 वर्षांचे शिकाऊ नट. बालगंधर्वांची परंपरा माहीत असलेल्या आपल्याला पुरुषाने बाई उभी करणं नवं नाही, पण फरक मोठा आहे. बालगंधर्व पुढे प्रौढपणीही स्त्रीभूमिका गात राहिले. लंडनमध्ये वय वाढलं की मुलगा पुरुषभूमिकांकडे वळे. तरीही 1610 मध्ये ऑक्सफर्डला प्रयोग पाहिलेल्या हेन्री जॅक्सनने लॅटिन पत्रात लिहून ठेवलं की मेलेली डेस्डेमोना नुसत्या चेहऱ्याने प्रेक्षकांची दया मागत होती. इंग्लंडच्या नाट्यगृहात व्यावसायिक नटीने डेस्डेमोना केली ती पुढे डिसेंबर 1660 मध्ये.

बियांकाबद्दल थोडक्यात. ती ऑथेल्लोच्या हाताखालच्या कॅसिओची प्रेयसी. फोलिओच्या पात्रयादीत तिच्यापुढे ‘गणिका’ लिहिलं आहे, म्हणून तिला भडक कपडे चढवतात. नाटकात ती काय करते ते बघावं. कॅसिओ तिला त्याच रुमालावरच्या भरतकामाची नक्कल करून मागतो, ती रागावते. पाचव्या अंकात एमिलियाच तिला वेश्या म्हणते आणि ती उलट सुनावते की तुझ्याइतकीच मी सरळ जगते. थोड्या वेळापूर्वी डेस्डेमोनाला हाच शब्द नवऱ्याने लावला होता, आणि तेव्हा एमिलिया चिडली होती. नाटकातल्या तिन्ही बायकांवर तो शब्द फेकला जातो.

वेळच वाचवायचा असेल तर तिसऱ्या अंकातल्या विदूषकाच्या दोन्ही जागा काढाव्यात, कॅसिओचे वादकही जाऊ द्यावेत. डेस्डेमोनाच्या मागे लागलेल्या रॉडरिगोचं रडगाणं निम्म्यावर आणता येतं. पाचव्या अंकातला बियांकाचा तो प्रवेश मात्र ठेवावा, आणि एमिलियाने तिला सुनावलेली ओळही, जरी ती आपल्या आवडत्या एमिलियाला कमीपणा आणणारी असली तरी.