स्पॉकची आखणी

गेल्या महिन्यात आमच्या घरी स्पॉक आला, 'स्टार ट्रेक' या जुन्या अमेरिकी अंतराळ-मालिकेतला, टोकदार कानांचा परग्रहवासी. एक फूट उंच, निळा शर्ट, काळी विजार, छातीवर डाव्या बाजूला बाणाच्या टोकासारखं सोनेरी चिन्ह. खोक्यात शिवाय हातांचे तीन सुटे जोड. मी कात्रीनं चिकटपट्टी कापत होतो, तेवढ्यात आईनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"बाहुली मागवलीस?"

"बाहुली नाही गं. ॲक्शन फिगर."

या शब्दाचा जन्मच मुळी असल्या अवघडलेपणातून झालाय. 1964 साली अमेरिकेत जी. आय. जो नावाचा एक फुटी सैनिक बाजारात आला. मुलगे बाहुलीशी खेळायचे नाहीत, अशी करणाऱ्यांना धास्ती, म्हणून 'बाहुली' म्हणायचंच नाही असं ठरलं आणि हे भारदस्त नाव निघालं. मी आईला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, मग बाहुला म्हण."

सुटे हात पाहून मात्र तिला काहीच नवल वाटलं नाही. आमच्या गौरींचे हात वर्षभर माळ्यावरच्या डब्यात वेगळेच असतात. उलट तिनंच एक उजवा हात उचलून दिव्याखाली धरला. मधलं बोट आणि अनामिका फाकवलेला, स्पॉकचा तो प्रसिद्ध नमस्काराचा हात. स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉयनं लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ज्यू पुरोहितांना आशीर्वाद देताना पाहिलं होतं, तिथून ही खूण त्यानं मालिकेत आणली. आईला एवढंच दिसलं, की करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये साच्याची रेघ राहिलीय. "घासायचा कंटाळा केलाय," ती म्हणाली.

आता माझ्यासारखे शौकीन अशी मूर्ती कशी पारखतात? आधी प्रमाण. सहा फुटी माणूस एक फुटाचा, म्हणजे एकास सहा. मग सांधे: गुडघा वाकवला तर वाकलेला राहतो का, स्टँडशिवाय उभा राहतो का. मग रंग केसांच्या कडेला कपाळावर उतरलाय का. मग कपडे, आणि इथं बहुतेक सगळे आपटतात, कारण माणूस सहापट लहान करता येतो, धागा करता येत नाही. चांगल्यातलं चांगलं कापड आणलं तरी एवढ्याशा अंगावर ते घोंगडीसारखं दिसतं. आमच्या बाहुल्याचा शर्टही खांद्यावर असा फुगलाय, की आत स्वेटर घातलाय असं वाटावं.

गंमत म्हणजे, प्रमाणाचा एवढा काच लहानपणी कधीच नव्हता. दिवाळीत वाड्याच्या अंगणात किल्ला करायचो, त्यावर मांडायला मातीची चित्रं आणायचो. मावळा बुरुजापेक्षा उंच, वाघ गुहेत मावायचा नाही, आणि गवळण महाराजांच्या सिंहासनाहून दीडपट. कुणाची काही तक्रार नसायची. आता मात्र स्पॉकच्या बुटाची टाच एक मिलिमीटरनं जाड आहे, यावर मी अर्धा तास घालवला. (बायकोनं घड्याळ लावून मोजलाय.)

आईची रीत वेगळी. तिनं बाहुल्याला टेबलावर उभं केलं, दोन पावलं मागे गेली, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे सरकली, प्रत्येक ठिकाणाहून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मी ही चाल ओळखली. कसब्यात कुंभारवाड्याकडे गणपती ठरवायला जायचो, तेव्हा ती अशीच फिरायची. सोंड, मुकुट, रंग, सगळं नंतर. आधी आखणी. डोळ्यांची रेघ नीट बसली असेल तर मूर्ती आपल्याकडे पाहते, नाहीतर शाडूचा गोळा नुसता रंगवलेला. शेजारचे काका एकदा घाईत एक मूर्ती उचलून आले होते, तिचा एक डोळा स्वारगेटकडे आणि दुसरा शिवाजीनगरकडे. दीड दिवसात विसर्जन केलं त्यांनी, दरवर्षी पाच दिवस बसवणाऱ्या माणसानं.

"आखणी बरी आहे," आई म्हणाली. "पण हा बघतोय, पाहत नाहीये."

हे वाक्य मला फार वेळ पुरलं. स्पॉकचा चेहरा करणं अवघड का, ते त्यात आलंय. हसरा माणूस घडवणं सोपं, दात दाखवले की झालं. रागीट तर त्याहून सोपा. स्पॉक मात्र भावना न दाखवणारा. कारागिरानं खरंच काही दाखवलं नाही, तर हाती काय येतं? लक्ष्मी रोडवरच्या कापडाच्या दुकानातला पुतळा. निमॉयच्या चेहऱ्यावर काही नाही असं नव्हतंच. काहीतरी होतं आणि तो ते धरून ठेवायचा. एक भुवई वर जायची, बस. ते धरून ठेवणं प्लास्टिकमध्ये कसं ओतायचं? काही कारागीर भुवई कायमची वर करून टाकतात. मग तो बाहुला शोकेसमधून दिवसरात्र तुमच्यावर शंका घेतो. माझ्या बाहुल्याची भुवई अगदी किंचित वर आहे, केसभर. सकाळच्या उन्हात दिसते, ट्यूबच्या उजेडात नाही. तेवढ्यासाठी मी त्याचे फुगलेले खांदे माफ केले.

कान मात्र नाही. टोकाला बोथट आहेत. साच्यात इतकी बारीक टोकं धरत नसावीत, किंवा तुटतील म्हणून मुद्दाम गोल केली असतील. पण स्पॉकचे कान बोथट म्हणजे करंजीची कड मुडपलीच नाही तसं झालं.

राहिला रंग, आणि इथं मी अडकलो. बाहुल्याची त्वचा किंचित पिवळट आहे. हे बरोबरच आहे, स्पॉकचं रक्त हिरवं, म्हणून त्याला तसा मेकअप करत. आधी तर त्याला तांबूस करायचा विचार होता, पण काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर तो काळाच दिसेल म्हणून सोडून दिला म्हणे. म्हणजे साठच्या दशकात हा माणूस रंगवताना रंगीत टीव्ही नसलेल्यांचाही विचार झाला होता. त्यांतला एक मी. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं, तेव्हा सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात शटरचा काळा-पांढरा टीव्ही होता. वारा सुटला की अँटेना फिरायची. मग एक जण पत्र्यावर चढायचा, सिंहगडावरच्या मनोऱ्याच्या दिशेला ती फिरवायचा, आणि खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!"

स्पॉकचा शर्ट निळा आहे, हे मला समोरच्या बिऱ्हाडात कळलं. त्यांनी टीव्हीला निळी काच लावली होती. पण त्या काचेमागे बातम्या देणाऱ्या बाईही निळ्याच असायच्या, त्यामुळे पुरावा तसा कच्चाच. खुद्द सेटवरही सगळं सरळ नव्हतं. स्पॉकच्या यानाचा प्रमुख कॅप्टन कर्क, त्याचा सोनेरी शर्ट प्रत्यक्षात हिरवट होता, दिव्यांखाली आणि फिल्मवर तो सोनेरी उतरायचा. मग कर्कचा बाहुला करणाऱ्यानं कुठला रंग द्यायचा, अंगावरचा की पडद्यावरचा? मला विचाराल तर पडद्यावरचा. पण मग माझा स्पॉक करड्या रंगाचा हवा, थोडा मुंग्या आलेला, आणि कडेला गोलावलेला.

भाच्याला हे सांगितलं तर त्यानं मोबाइलवर बाहुल्याचा फोटो काढला, रंग काढून टाकले आणि वर थोडे दाणे टाकले. फुगलेला शर्ट गेला, पिवळटपणा गेला, बोटांमधली रेघही गेली. मी फोन आईपुढे धरला.

"अय्या," ती म्हणाली, "हा तर रविवारचा! तुझे बाबा पत्र्यावर चढायचे ते याच्यासाठी?"

विकणाऱ्यांचा निरोप येऊन पडलाय, पाचपैकी किती तारे देता म्हणून. मी चारावर बोट ठेवलं होतं. आईनं विचारलं, एक कशाचा कापला? कानांचा, मी म्हणालो. तिनं बाहुला पुन्हा हातात घेतला, कानाच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "घरात पॉलिशपेपर आहे का बघ."