हलाल कत्तलखान्याचं सांडपाणी आणि बिनव्याजी भांडवल

हलाल प्रमाणपत्रासाठी कत्तलीची पद्धत, घटक, स्वच्छता हे सगळं बारकाईनं पाहिलं जातं. सांडपाणी कुठे जातं आणि यंत्रं इस्लाममध्ये निषिद्ध असलेल्या व्याजाच्या कर्जातून आली का, हे प्रश्न मात्र बहुतेकदा बाजूला राहतात. दोन्ही प्रश्न एकत्र सोडवता येतात, असं माझं ठाम मत आहे.

आधी पाण्याचं. रक्ताचा बीओडी, म्हणजे त्यातला सेंद्रिय भाग कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला दीड लाख मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असतो. ते धुण्याच्या पाण्यात गेलं की पुढची सगळी प्रक्रिया कोलमडते. म्हणून रक्त पूर्ण निथळू द्यायचं, त्याची पन्हळ वेगळी ठेवायची आणि पाणी मारण्याआधी फरशी कोरडीच खरवडून घ्यायची. यातलं बरंचसं काम जवळपास बिनखर्चाचं आहे. गोळा केलेलं रक्त एकदम बायोगॅसच्या टाकीत ओतलं, तर प्रथिनांमुळे अमोनिया वाढतो आणि मिथेन तयार करणारे जिवाणू मंदावतात. जनावरांच्या पोटातला अर्धवट पचलेला चारा त्यात मिसळून थोडं थोडं घालावं लागतं.

ही टाकी बांधायला पैसा लागतो. अजून अस्तित्वात नसलेली वस्तू बनवून घ्यायची असेल, तर इस्तिस्ना हा करार नेमका बसतो. टाकीची क्षमता, साहित्य, ताबा देण्याची तारीख आणि किंमत आधी ठरते. पैसे हप्त्यानं देता येतात. हा करार कारखाना, म्हणजे कत्तलखाना, आणि इस्लामी बँक यांच्यात होतो; बँक टाकी बांधणाऱ्या ठेकेदाराशी दुसरा, स्वतंत्र इस्तिस्ना करते. टाकी गळली तर कारखान्याला बँक जबाबदार असते, ठेकेदाराकडे बोट दाखवून तिला सुटता येत नाही. काम लांबलं तर किंमत कमी करण्याची अट चालते. कारखान्याचा हप्ता थकला म्हणून किंमत वाढवण्याची अट चालत नाही. चूक होते ती इथे: कारखाना आधीच ठेकेदाराशी करार करून मोकळा होतो आणि मग बँकेकडे जातो. तेव्हा बँकेच्या हाती फक्त बिल भरणं उरतं, म्हणजे ते कर्जच झालं.

सौर पॅनेल किंवा शीतगृहाच्या यंत्रांसाठी इजारा, म्हणजे भाडेकरार, बरा. मालकी बँकेची, त्यामुळे मोठी दुरुस्ती आणि तकाफुल (इस्लामी पद्धतीचा विमा) तिच्याकडे. रोजची देखभाल कारखान्याकडे. यंत्र वापरण्याजोगं हाती येईपर्यंत भाडं लागू होत नाही.

पशुखाद्यासारख्या मालाला मुराबहा, म्हणजे बँकेनं माल घेऊन ठरलेला नफा सांगून विकणं, चालतो, पण बँकेनं माल आधी विकत घेऊन ताब्यात घ्यायला हवा. खाद्य जनावरांनी खाऊन संपल्यावर कागद केले, तर विकायला वस्तूच उरत नाही. म्हणून ताब्याची तारीख विक्रीच्या तारखेआधीची आहे ना, हे तपासावं.

संघटित तवर्रुकपासून दूर राहावं. त्यात धातूसारख्या मालाची कागदोपत्री खरेदी-विक्री होऊन हाती रोकड येते आणि ती कुठे खर्च झाली, हे करारातून कळतच नाही. ओआयसी या इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह (इस्लामी कायदा) अकादमीनं 2009 मध्ये तो अमान्य ठरवला, तरी अनेक बँका तो वापरतात.

मोठ्या प्रकल्पांना हरित सुकूकचा, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीच्या इस्लामी रोख्यांचा, मार्ग आहे. मलेशियात 2017 मध्ये सौर प्रकल्पासाठी 25 कोटी रिंगिटचा सुकूक निघाला. इंडोनेशिया सरकारनं 2018 मध्ये 125 कोटी डॉलरचा काढला. एकट्या कत्तलखान्याला हा खर्च झेपणार नाही, पण शेजारच्या कारखान्यांनी मिळून सामाईक शुद्धीकरण केंद्र काढलं, तर विचार करण्याजोगा आहे.