तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबडी असताना पेटी काहून?

"घरी खुडूक कोंबडी बसते, मग पिल्लं पेटीत बल्बखाली काहून वाढवतेस?" साकोलीच्या बाजारात, लग्नात, हापशीवर, सगळीकडे हाच प्रश्न. आता एकदाचं सांगते.

कोंबडी बसते तिच्या मर्जीनं. दहा-बारा अंडी पंखाखाली घेते. मी गिरिराजा जातीच्या कोंबडीची एक दिवसाची चाळीस पिल्लं विकत आणते. परकं पिल्लू दिसलं की ती बऱ्याचदा चोचीनं हाणते. चाळीस कुणाच्या पंखाखाली घालू?

पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. मी पिल्लांकडेच बघते. बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पांगून चोची वासल्या तर उकाडा.

आणि तरीही ती डिसेंबरची रात्र झाली. दिवसभर धान चुरून मी मेल्यासारखी झोपले होते. दोनच्या सुमारास लाइन गेली, हे शेजारच्यांनी नंतर सांगितलं. पाचला उठले तर पेटीतून आवाज नाही. हात घातला. सगळी एका कोपऱ्यात, एकावर एक. वरची थरथरत होती. खालची ओली, चपटी. थंडीनं नव्हे, ऊब शोधताना एकमेकांच्या अंगाखाली गुदमरली होती. एकेक उचलून चुलीजवळच्या टोपल्यात ठेवत गेले, कोणतं जिवंत, कोणतं नाही, बोटांना कळेना. तेवीस गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फावडं आणून दिलं.

वर्षभर मी लाइनवर खापर फोडलं. पण रात्री लाइन जाते, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पेटी चौकोनी होती. कोपरा नसता तर ढीग एवढा झाला नसता, हेही मला आधी कुणीतरी सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं.

मग तुमचंच खरं का? कोंबडीला लाइन लागत नाही, हे त्या सकाळी मीच मला म्हटलं. पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यात खुडूक कोंबडीच्या नऊ पिल्लांपैकी घार आणि मुंगसानं दोनच ठेवली होती. तेव्हा विचारायला कुणी आलं नाही.

आता पत्र्याचा गोल कडा करते, खाली धानाचं तूस, शेजारी चिंधीत गुंडाळायला गरम पाण्याच्या बाटल्या. खाटही तिथंच टाकते. पेटी बरी की कोंबडी, मला अजून सांगता येत नाही. परवा तीस पिल्लं आणली आहेत. दोन वाजता जाग येते, आणि चिवचिव ऐकू येईपर्यंत मी श्वास धरून असते.