कॉलमला न चिकटणारं प्रथिन

हाड वाढू नये यावर पीएचडी करतेय म्हटल्यावर आई म्हणाली, “लोक हाडं जुळावीत म्हणून देव पाण्यात घालून बसतात, आणि तुझं भलतंच!”

पण कोपराचं फ्रॅक्चर, खुब्याचं ऑपरेशन, मणक्याला मार, यांनंतर काहींच्या स्नायूतच हाड धरतं आणि सांधा आखडतो. बीएमपी ही वाढीची प्रथिनं त्यात सामील असतात. नॉगिन हे शरीरातलंच दुसरं प्रथिन बीएमपीला धरून ठेवतं आणि पेशीपर्यंत पोचू देत नाही. अडचण अशी, की नॉगिन पेशींवरच्या हेपरान या साखरेच्या साखळ्यांना चिकटून जागीच अडकतं, रक्तात फिरत नाही. चिकटणारा तुकडा काढलेलं नॉगिन वापरून बीएमपी-4 मुळे होणारं हाड उंदरांमध्ये रोखता येतं, हे 2003 मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं होतं. मला तेच आमच्या लॅबमध्ये बनवायचं होतं.

साधं नॉगिन हेपरिनच्या कॉलमवर, म्हणजे हेपरानसारखंच हेपरिन लावलेले मणी भरलेल्या नळीत, चिकटून छान शुद्ध झालं. बदललेलं ओतलं तर सगळ्या कचऱ्याबरोबर सरळ खाली! बदल जमला होता, पण शुद्ध करायची मूठच हातातून गेली. शेवटी मॅडम म्हणाल्या, “अगं, मागे अँटिबॉडीची एफसी शेपटी जोड.” मग जीन नव्याने जोडणं, पेशी नव्याने वाढवणं आलंच; पण एफसीला चिकटणाऱ्या प्रोटीन-ए च्या कॉलमवर ते नीट धरलं गेलं.

खरी परीक्षा सी2सी12 पेशींवर. या उंदराच्या स्नायूच्या पेशी, पण बीएमपी घातलं की हाडाच्या वाटेला लागतात. तेव्हा अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम बनतं आणि चाचणीचं द्रावण पिवळं होतं. आमच्या प्लेटमध्ये डावीकडचे खळगे हळदीसारखे पिवळेधमक, आणि नॉगिन वाढत जाईल तसा रंग उतरत शेवटी पाण्यासारखा. बाकीचे रंग यावा म्हणून धडपडतात, मी न आल्यावर नाचले.

एफओपी या दुर्मीळ आजारात मुलांचे स्नायू हाड होत जातात. प्रस्तावनेत त्याचं नाव आलं की कामाला वजन येतं. पण 2006 मध्ये त्यातला एसीव्हीआर1 जीनचा दोष सापडला, आणि 2015 मध्ये कळलं की या जीनचं बिघडलेलं ग्राहक-प्रथिन ॲक्टिव्हिन-ए या दुसऱ्याच प्रथिनामुळेही चालू होतं. नॉगिन ॲक्टिव्हिनला रोखत नाही. म्हणून प्रबंधात मी फक्त दुखापतीनंतरच्या हाडाबद्दल लिहिलं. मॅडमनी भुवया उंचावल्या, पण सही केली.